डेप्थ फाइंडर: १५०० तसाच ठेवावा की वेग बदलावा?

बोटीवरचा डेप्थ फाइंडर पाण्याची खोली मोजतच नाही, तो वेळ मोजतो. तळावर आपटून आवाज परत यायला किती वेळ लागला ते पाहतो, त्याला पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने गुणतो आणि निम्मं करून आकडा दाखवतो. बऱ्याच यंत्रांत हा वेग सेकंदाला १५०० मीटर असा आधीच भरलेला असतो. तो बदलायचा का?

कोकण किनाऱ्यावर फिरत असाल तर हात लावू नका. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात आवाज १५४० मीटरच्या आसपास धावतो. पडद्यावर १० मीटर दिसले की खाली खरं पाणी १०.२७ मीटर असतं. पंधरा वाव (सुमारे २७ मीटर) पाण्यात फरक जातो पाऊण मीटरवर. पण यंत्र पाणी कमी दाखवतं, त्यामुळे चुकीने बोट तळाला घासत नाही. धरणात तर प्रश्नच नको: २५ अंशांच्या गोड्या पाण्यात वेग १४९७.

थंड गोड्या पाण्यात मात्र उलटं होतं. ४ अंशांना वेग १४२१ वर उतरतो. पडद्यावर ३ मीटर, खाली २.८४. हिवाळ्यातलं दल सरोवर असो की कॅनडातलं एखादं तळं, तिथे यंत्र नसलेलं पाणी दाखवतं. तिथे बदल कराच.

बदलायचं तर कसं? मेनूत 'गोडं-खारं' निवडणं किंवा तापमान भरणं सोपं, पण बोटीचा सेन्सर वरच्या थराचंच तापमान सांगतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, तेव्हा हा आकडा अर्धाच खरा. त्यापेक्षा मला जुनी पद्धत पटते: खुणा केलेल्या साखळीने लोखंडी तबकडी ट्रान्सड्यूसरच्या (आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाच्या) बरोबर खाली, पृष्ठभागापासून ५ मीटरवर सोडायची आणि पडदा काय म्हणतो ते पाहायचं; ५ म्हणत नसेल तर वेग त्यानुसार बदलायचा. दोरी नको, ओली झाली की तिची लांबी बदलते. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं ती वेळ गाठा, नाहीतर तबकडी वाहून बाजूला जाते.

या तपासणीत आणखी एक चूक सापडते, आणि उथळ पाण्यात तीच मोठी असते. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ६० सेंमी बसवलेला असेल आणि ते यंत्रात भरलेलं नसेल, तर प्रत्येक आकडा ६० सेंमीने कमी येतो. कोकणच्या २ मीटर पाण्यात वेगामुळे होणारी चूक जेमतेम ५ सेंमी. आधी हे भरा, मग वेगाची काळजी करा.

सर्वेक्षणाचं काम घेत असाल तर गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटनेच्या 'स्पेशल ऑर्डर' या काटेकोर दर्जात १० मीटर खोलीला चुकीची एकूण मुभा साधारण २६ सेंमी, आणि चुकीचा वेग एकटाच २७ खातो. तिथे तळापर्यंत सोडून थराथराचा वेग मोजणारं उपकरण हवंच. मासेमारीच्या बोटीला ते नको, त्या पैशांत जाळी घ्या.