नाशिकच्या धुक्यातल्या डोंगरांसाठी कॅननची ५५-२५० एसटीएम

कॅननच्या क्रॉप सेन्सरवाल्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) डीएसएलआरसोबत डबल किटमध्ये, म्हणजे १८-५५ च्या जोडीला, ५५ ते २५० मिमीची ही झूम लेन्स बऱ्याच घरांत येऊन पडली आहे. लग्नात दोन-चार वेळा वापरली जाते, मग कपाटात. डिसेंबर-जानेवारीत तिला पहाटे बाहेर काढा. आपल्याकडे बर्फ नाही, पण नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावरून दिसणाऱ्या एकामागे एक डोंगररांगा १८-५५ ने नखाएवढ्या येतात. त्याच २०० मिमीच्या पुढे एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि मधल्या धुक्यामुळे प्रत्येकीची छटा वेगळी दिसते.

२०१३ साली आलेली ही लेन्स ३७५ ग्रॅमची आहे, म्हणजे अंजनेरीच्या पायऱ्या चढताना मानेला जाणवत नाही. फिल्टर ५८ मिमीचा लागतो. सगळ्यात मोठं छिद्र (अ‍ॅपर्चर) ५५ ला एफ/४, २५० ला एफ/५.६. क्रॉप सेन्सरवर २५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ४०० मिमीइतका दृश्यकोन. २० किलोमीटरवरच्या डोंगराचा जेमतेम पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत मावतो, त्यामुळे चौकट नुसती हलली तरी सुळका बाहेर जातो.

"२५० ला सॉफ्ट येते", म्हणजे फोटो धारदार येत नाही, ही या लेन्सबद्दलची नेहमीची तक्रार. डोंगरांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा काचेची नसून हवेची असते. ऊन तापू लागलं की नांगरलेल्या रानावरची आणि कातळावरची हवा थरथरते, आणि लांबच्या कड्याची कडा पाण्यात पाहिल्यासारखी दिसते. खात्री करायची असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा आणि कडेकडे नुसतं बघत राहा. कडा वळवळत असेल तर दोन लाखांची लेन्सही तिथे काही करू शकत नाही. सूर्योदयाच्या थोडं आधीपासून पुढचा तासभर, एवढाच कामाचा वेळ. जानेवारीत नाशिकला सूर्य साधारण सव्वासातच्या आत उगवतो, तेव्हा किल्ल्यावर जायचं तर अंधारातच चढायला लागा.

दुसरं कारण हाताची थरथर. आयएस (थरथर सावरणारी यंत्रणा) साडेतीन स्टॉपचं आहे असं कंपनी सांगते, पण माथ्यावरच्या वाऱ्यात शटर १/१६० सेकंदापेक्षा हळू ठेवू नये. त्यापेक्षा आयएसओ ८०० करावा. छिद्र एफ/८. ट्रायपॉडवर आयएस बंद, दोन सेकंदांचा टायमर, आणि मधला दांडा वर काढू नका.

तिसरं कारण फोकस. धुक्यात कॉन्ट्रास्ट नसतो, त्यामुळे ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो. आकाशावर उठून दिसणारी डोंगराची कडा किंवा एखादं झाड धरा, फोकस लागला की बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका. इथे या लेन्सची खरी उणीव दिसते: अंतराची पट्टी नाही, अनंताची खूण नाही, आणि फोकसची रिंग मोटरमार्फत चालते, म्हणून कॅमेरा झोपला की फिरवून उपयोग नाही. झूम बदलला किंवा कॅमेरा जागा केला की फोकस पुन्हा तपासायचा.

प्रकाशाची दिशा आधी ठरवा. थंडीत सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो. म्हणून रामशेजवरून चामरलेणी आणि शहराकडे बघताना उजेड समोरून येतो आणि थर सुटे दिसतात. उत्तरेला सातमाळा रांगेवर तो बाजूने पडतो, तेव्हा धोडपची ती कापल्यासारखी खाच उठून दिसते. अंजनेरी, ब्रह्मगिरी शहराच्या बाजूने सकाळी सपाट दिसतात, ते संध्याकाळसाठी राखून ठेवा. रामशेजच्या शेजारी भोरगडावर हवाई दलाचं ठाणं आहे; तिकडे टेली लेन्स रोखायची नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्याला राखाडी समजतो आणि फोटो मळकट येतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका. निफाडकडे पारा फारच उतरला आणि पिकांवरचं दव गोठलं तरी हाच नियम. हीच लेन्स घेऊन मनालीला गेलात तर खऱ्या बर्फावर +१.५ पर्यंत जावं लागतं. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, ऑटो पहाटेचा निळा रंग धुऊन टाकतो. थंडीपासून घड वाचवायला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यांचा धूर जमिनीलगत आडवा पसरतो. २०० मिमीला तो पट्टा फार सुंदर येतो. दव पडलेलं कोळ्याचं जाळंही सोडू नका: ८५ सेंटीमीटरवरून २५० ला साडेसात सेंटीमीटर रुंदीची वस्तू चौकट भरते.

दवाचा त्रास लेन्सलाही होतो. रात्रभर गाडीत थंड झालेली काच दमट हवेत उघडली की धुरकट होते. हूड लावला तर दव कमी बसतं, पण हूड वेगळा विकत घ्यावा लागतो, त्याचा क्रमांक ईटी-६३. काचेवर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणखी बसते. परत आल्यावर बॅगेची चेन अर्धा-पाऊण तास उघडू नका. धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) प्लास्टिकचा आहे. पावसाळ्यात हरिहरवर न्यायची ही लेन्स नव्हे.

जुनी घेणार असाल तर नळीवर एसटीएम लिहिलेलं बघूनच घ्या. याच लेन्सच्या आधीच्या आयएस आणि आयएस २ या आवृत्त्यांमध्ये फोकस होताना पुढची काच फिरते, म्हणजे पोलरायझर दर वेळी नव्याने जुळवायचा. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड मागच्या बाजूने आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आणि तुमचा कॅमेरा फुल फ्रेम डीएसएलआर असेल तर विचारच करू नका, या लेन्सचा ईएफ-एस माउंट त्यावर बसत नाही.