एएम५ की एलजीए १८५१: प्रोसेसर निवडण्याआधी मेमरीचा विचार

नवा डेस्कटॉप जुळवताना बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, मग त्याला बसणारा मदरबोर्ड पाहतात आणि रॅम शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. हा क्रम बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे. एएमडीचे एएम५ आणि इंटेलचे एलजीए १८५१ या दोन्ही सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा) केवळ डीडीआर५ मेमरी चालते. मात्र मेमरी कंट्रोलरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाची, रचना दोन्हीकडे इतकी वेगळी आहे की एकीकडे उत्तम चालणारी रॅम दुसरीकडे तितकीच योग्य ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

रॅमच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो, पण त्याच्या शेजारचा सीएल, म्हणजे मागितलेली माहिती मिळेपर्यंत लागणाऱ्या घड्याळाच्या ठोक्यांचा, आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की प्रत्यक्ष विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर५-६००० सीएल३० चा विलंब १० नॅनोसेकंद येतो, तर डीडीआर५-५६०० सीएल४६ चा सुमारे १६.४. जुन्या डीडीआर४-३२०० सीएल१६ चा विलंबही १० नॅनोसेकंदच होता, म्हणजे स्वस्तातली डीडीआर५ घेणारा माणूस या एका बाबतीत मागेच जातो. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला ने-आण होऊ शकणारी माहिती, मात्र निश्चित वाढते: दोन चॅनेलवर डीडीआर४-३२०० सेकंदाला ५१.२ जीबी इतकी सैद्धांतिक क्षमता देते, डीडीआर५-६००० मध्ये ती ९६ जीबी होते.

एएम५ वर ६००० हा आकडा वारंवार सुचवला जातो, त्यामागे ठोस कारण आहे. एएम५ वर बसणाऱ्या रायझन ९००० प्रोसेसरसाठी अधिकृत वेग ५६०० असला, तरी ६००० पर्यंत मेमरी आणि तिचा कंट्रोलर सहसा एकाच घड्याळावर, म्हणजे एकाच गतीने, चालतात. त्याच्या बरेच पुढे गेले की कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो, विलंब वाढतो, आणि ही तूट भरून काढायला ८००० च्या आसपासची महाग रॅम लागते. इंटेलच्या एलजीए १८५१ वरील कोअर अल्ट्रा २००एस मालिकेत कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या टाइलवर, म्हणजे चिपच्या स्वतंत्र तुकड्यावर, आहे. त्यामुळे मूळ विलंबच जास्त असतो, पण वेगवान रॅमचा फायदा इथे अधिक मिळतो. या मालिकेत सीयूडीआयएमएम प्रकारची, म्हणजे स्टिकवरच क्लॉक ड्रायव्हर असलेली मेमरी ६४०० पर्यंत अधिकृतपणे चालते आणि चांगल्या बोर्डावर ८००० च्या पुढेही नेता येते. तीच स्टिक एएम५ वर लावली, तर तो ड्रायव्हर वगळूनच ती चालते. तिथे तिच्यासाठी जादा खर्च करण्यात अर्थ नाही.

स्टिक किती घ्यायच्या, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. एएम५ वर चारही स्लॉट भरले, तर अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. मी स्वतः एकदा दोन स्टिक वापरात असताना नंतर तशाच आणखी दोन आणून लावल्या. यंत्र पूर्वीच्या मेमरी प्रोफाइलवर (वेगाची आधीच जुळवलेली मांडणी) सुरूच होईना आणि शेवटी वेग बराच कमी करावा लागला. म्हणून ६४ जीबी हवी असेल, तर १६ जीबीच्या चार स्टिकपेक्षा ३२ जीबीच्या दोन घ्याव्यात, आणि ९६ जीबीसाठी ४८ च्या दोन.

आता कामाकडे पाहू. मुख्य उपयोग गेमसाठी असेल, तर रायझन ७ ९८००एक्स३डी निःशंकपणे घ्यावा. त्याच्या आठ कोअरना मिळून ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद साठवण) मिळते, तर कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये ती ३६ एमबी आहे. कॅश एवढी मोठी असली की प्रोसेसरला मेमरीकडे वरचेवर जावे लागत नाही, त्यामुळे रॅमचा वेग थोडा कमी असला तरी फारसा फरक पडत नाही. २८५के गेममध्ये त्याच्या मागे राहतो, अनेकदा इंटेलच्याच आधीच्या १४९००के च्याही मागे.

रेंडरिंग, कंपाइल आणि अनेक थ्रेडची कामे यांत चित्र वेगळे आहे. १६ कोअर आणि ३२ थ्रेडचा रायझन ९ ९९५०एक्स आणि हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) नसलेला, २४ कोअरचा २८५के बऱ्याच कामांत बरोबरीने उभे राहतात. व्हिडिओ संपादकांसाठी मात्र मी इंटेलच सुचवेन, कारण अनेक कॅमेऱ्यांतून येणारे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील राखणारा व्हिडिओ प्रकार) चित्रण कोअर अल्ट्राचा अंगभूत ग्राफिक्स भाग हार्डवेअरवर उलगडतो आणि रायझन ९००० चा तसे करत नाही. त्यातही २० कोअरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के घेऊन वाचलेले पैसे रॅमकडे वळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बोर्ड दीर्घकाळ ठेवायचा असेल, तर एएम५ चे पारडे जड आहे. २०२२ मध्ये घेतलेल्या एएम५ बोर्डावर बायॉस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ९००० बसतो, आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही या सॉकेटला आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. एलजीए १८५१ बाबत इतके स्पष्ट आश्वासन नाही.

हाताशी चांगली डीडीआर४ असल्यास इंटेलचे आधीचे सॉकेट एलजीए १७०० हा मधला मार्ग उरतो, कारण त्याचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात. तेराव्या वा चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर निवडला, तर या प्रोसेसरमधल्या अस्थिरतेच्या दोषावर २०२४ मध्ये आलेला ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरचे आतले नियंत्रण-सॉफ्टवेअर) बायॉसमध्ये असल्याची खात्री पहिल्याच दिवशी करून घ्यावी. वापरलेला प्रोसेसर मात्र घेऊ नये. आधी झालेली झीज हा मायक्रोकोड भरून काढत नाही.