कॅमफेडचा लर्नर गाइड उपक्रम – मनापासून आवडला
झिंबाब्वे, झांबिया, घाना, टांझानिया, मलावी इथल्या खेड्यातल्या ज्या मुली कॅमफेड या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने शिकल्या त्याच ‘लर्नर गाइड’ म्हणून परत गावच्या शाळेत जातात आणि वर्गासमोर उभं राहून स्वतःची गोष्ट सांगतात, फी कशी भरली, शाळा सोडायची वेळ आली तेव्हा काय केलं वगैरे. बाहेरच्या पाहुण्याच्या भाषणापेक्षा हे शंभरपट भारी, कारण समोरची मुलगी म्हणते ही तर आपल्याच गावची ताई! शिवाय त्यांना धंद्यासाठी कर्ज मिळतं आणि व्याज पैशात नाही, शाळेत वेळ देऊन फेडायचं, ही आयडिया तर जबरदस्तच. 1993 मध्ये संस्थेने मदत केलेल्या पहिल्या 32 मुलींमध्ये असलेल्या अँजेलिन मुरिमिर्वा आज संस्थेच्या सीईओ आहेत. देणगी द्यायची असेल तर बिनधास्त द्या.