अर्थशास्त्र मेजर की मायनर? क्रेडिटचा हिशेब आणि गणिताची मेख

एफवायच्या प्रवेशअर्जात मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, रकाना विचार करून भरला जातो आणि मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, यादीत जे उरलं असेल त्यातून. अर्थशास्त्राच्या बाबतीत ही घाई महागात पडते. इथे अर्थशास्त्र कोणत्या रकान्यात आहे याइतकंच त्याच्या जोडीला काय आहे हेही महत्त्वाचं असतं.

आधी आकडे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार फरक असा दिसतो:

| | मेजर | मायनर |
|---|---|---|
| तीन वर्षांच्या पदवीत (एकूण १२० क्रेडिट) | ६० | २४ |
| चार वर्षांच्या पदवीत (एकूण १६० क्रेडिट) | ८० | ३२ |
| तीन वर्षांत चार क्रेडिटचे पेपर | १५ | ६ |
| तीन वर्षांत वर्गातले तास | ९०० | ३६० |

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास, प्रात्यक्षिकाचा असेल तर ३० तास. शेवटची ओळ थिअरी धरून काढली आहे.

महाराष्ट्रातलं माप थोडं वेगळं आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आणि मायनरला १८ ते २० क्रेडिट ठरवले गेले. म्हणजे चार क्रेडिटचे जेमतेम पाच पेपर, किंवा दोन-दोन क्रेडिटचे नऊ-दहा तुकडे. १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने रचनेत पुन्हा बदल केले. त्यामुळे काही विद्यापीठांत एफवायला तीन विषय सारख्या वजनाने घेऊन एसवायला त्यातला एक मेजर, एक मायनर करायचा असतो, तर काही ठिकाणी मेजर पहिल्या सेमिस्टरपासूनच जड असतो. तुमच्या विद्यापीठाचा क्रेडिट तक्ता हातात घेतल्याशिवाय पुढचा कुठलाच हिशेब करू नका. तीन विषयांची पद्धत असेल तर अर्थशास्त्राचा निर्णय वर्षभर लांबवता येतो, आणि लांबवावाच.

आता आत काय शिकवतात ते. मायनरमध्ये साधारणपणे सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राची मूलतत्त्वं, भारतीय अर्थव्यवस्था, पैसा व बँकिंग, फार तर सार्वजनिक वित्त एवढं येतं. वर्तमानपत्रातलं अर्थसंकल्पाचं पान किंवा रिझर्व्ह बँकेचं पतधोरण नीट समजायला एवढं पुरतं. स्पर्धा परीक्षेच्या सामान्य अध्ययनालाही चांगला पाया मिळतो. मेजरमध्ये याच विषयांचा दुसरा आणि तिसरा मजला चढतो. त्यात भर म्हणून अर्थशास्त्रासाठी गणित, संख्याशास्त्र, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचं अर्थशास्त्र आणि चांगल्या विभागांत अर्थमितीही (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याची शाखा) येते.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत अर्थशास्त्र असलेल्यांना एफवाय फार सोपं वाटतं. उपयोगिता, मागणीची लवचिकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न हे सगळं झालेलं असतं. या सोपेपणावर विसंबून मेजर निवडणारे पुढे अडखळतात. बारावीत ग्राहकाचा समतोल घटत्या सीमांत उपयोगितेच्या कोष्टकावरून शिकवला होता. त्यानंतर तोच समतोल समवृत्ती वक्र (इनडिफरन्स कर्व्ह) आणि अंदाजपत्रक रेषा जिथे स्पर्श करतात तिथे येतो. पुढच्या पायरीवर विकलन घेऊन, लाग्रांज गुणक (बंधन पाळून कमाल मूल्य काढायची गणिती पद्धत) मांडून तो सोडवायचा असतो. विषय तोच, पण तिसऱ्या पायरीला भाषा बदललेली असते. अर्थमितीत तर संभाव्यता, वितरणं आणि परिकल्पना चाचणी पक्की नसेल तर प्रतिगमनाच्या (रिग्रेशनच्या) उत्तरातले आकडे वाचताही येत नाहीत, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो.

विद्यापीठाच्या पेपरात हे लपून जातं. पर्यायी प्रश्न असतात, सिद्धान्ताच्या टिपा लिहून पास होता येतं आणि एटीकेटीसुद्धा लागत नाही. उघडं पडतं ते एमएच्या प्रवेशपरीक्षेला.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पुढे अर्थशास्त्रातच एमए किंवा एमएस्सी करायचं असेल तर सर्वांत भक्कम जोडी म्हणजे अर्थशास्त्र मेजर आणि गणित किंवा संख्याशास्त्र मायनर. दुसऱ्या क्रमांकावर उलट जोडी: संख्याशास्त्र किंवा गणित मेजर, अर्थशास्त्र मायनर. अर्थशास्त्र मेजर आणि राज्यशास्त्र किंवा इतिहास मायनर ही सर्वाधिक घेतली जाणारी जोडी या विशिष्ट कामासाठी तिसरी येते. प्रशासन, पत्रकारिता, कायदा, सामाजिक संस्थांतलं काम अशा वाटेवर मात्र तीच पहिली ठरेल.

उलट जोडीला आम्ही इतकं वर का ठेवतो, याला नियमाचाही आधार आहे. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीला जो विषय मेजर होता त्यातच नव्हे, तर मायनर होता त्यातही पदव्युत्तर प्रवेशाला विद्यार्थी पात्र धरला जातो. म्हणजे मायनर घेतलं म्हणून अर्थशास्त्राची पुढची वाट बंद होत नाही. बंद होते ती बऱ्याचदा बारावीलाच. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एमएस्सीसाठी बारावीला गणित लागतं, आणि दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सच्या पदवी प्रवेशालाही गणिताचा पेपर द्यावा लागतो. ही अट पदवीला मायनर घेऊन भरून निघत नाही. वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी बारावीला ‘गणित व संख्याशास्त्र’ घेतलं होतं की चिटणीसाची कार्यपद्धती, हा एवढासा पर्याय इथे आडवा येतो.

नोकरीकडे बघून ठरवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारतीय अर्थसेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र किंवा त्याच्याशी संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, नुसतं बीए मेजर असून अर्ज भरता येत नाही. आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषय कोणत्याही पदवीधराला घेता येतो, त्यासाठी मेजर लागत नाही. नेमक्या या दोन परीक्षांची नावं घेऊनच बरेच पालक मेजरचा आग्रह धरतात!

चौथ्या वर्षाचा विचार फक्त मेजरवाल्यांनी करायचा आहे. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. नाहीतर तेवढ्याच क्रेडिटचे पेपर घेऊन साधं ऑनर्स. चार वर्षं पूर्ण केली की पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते, तीन वर्षांनंतर बाहेर पडलात तर दोन वर्षं. एकूण वर्षं पाचच. फरक इतकाच की चौथं वर्ष त्याच कॉलेजात काढायचं की नव्या संस्थेत. विभागात पीएचडीचे मार्गदर्शक नसतील आणि प्रकल्पासाठी आकडेवारी हाताळायला कुणी शिकवणार नसेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं एमए चांगल्या ठिकाणी केलेलं बरं.

मायनर घेणाऱ्यांचं घोडं अडतं ते बहुधा अभ्यासात नाही, हिशेबात. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह ही वेगळी टोपली आहे. महाराष्ट्राच्या रचनेत ती मेजरच्या विद्याशाखेबाहेरून भरायची असते. बीएस्सीच्या मुलीने ओईत अर्थशास्त्राचे दोन पेपर केले म्हणून ते मायनरमध्ये धरले जातील असं समजू नये. मायनर मात्र त्याच विद्याशाखेतला किंवा बाहेरचा, दोन्ही चालतो. दुसरी अडचण वेळापत्रकाची: कला शाखेचे तास आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं एकमेकांवर आदळली तर कागदावर असलेली जोडी प्रत्यक्षात मिळत नाही. बीकॉमवाल्यांनी बिझनेस इकॉनॉमिक्स आणि मायनरमधलं सूक्ष्म अर्थशास्त्र यांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघावेत. निम्मं तेच असेल तर मायनरच्या मोजक्या पेपरांतला एक वाया गेल्यासारखाच आहे.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांनी एक काम पहिल्या सेमिस्टरपासून करावं. प्रत्येक संज्ञेची इंग्रजी जोडी वहीत लिहीत जावी. सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अर्थशास्त्राचा पेपर मराठीत नसतो, आणि ‘समवृत्ती वक्र’ उत्तम समजलेला विद्यार्थी केवळ नाव न ओळखल्याने प्रश्न सोडून येतो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात नव्हे, विभागप्रमुखांना चार प्रश्न विचारा. अर्थमितीचा पेपर आहे का, आणि तो सक्तीचा की ऐच्छिक? गणित किंवा संख्याशास्त्र मायनर म्हणून कला शाखेला प्रत्यक्षात दिलं जातं का, आणि गेल्या वर्षी किती जणांनी घेतलं? दुसऱ्या सेमिस्टरनंतर मेजर बदलायचा झाला तर आधीचे क्रेडिट कोणत्या रकान्यात जातात? मायनरला किमान किती विद्यार्थी लागतात? हा आकडा भरला नाही तर एसवायच्या जुलैत दुसरं मायनर शोधत फिरावं लागतं, आणि तोवर बाकीच्या तुकड्या भरलेल्या असतात.