वांग्यावरचा पट्टेवाला बीटल: खरा कोलोरॅडो की त्याचा जुळा? आणि मग करायचं काय?

वांग्याच्या पानावर काळ्या पट्ट्यांचा गोल गरगरीत किडा दिसला की पहिला हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता. इथे नॉर्थ कॅरोलायनात बॅकयार्डमध्ये भरल्या वांग्यांसाठी आठ झाडं लावली होती आणि जूनमध्ये दोन झाडांच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. तेव्हापासून मी एकच सांगते, आधी किडा नीट बघा, कारण इकडे एकसारखे दिसणारे दोन आहेत आणि दोघांचा त्रास सारखा नाही.

एक कोलोरॅडो पोटॅटो बीटल, दुसरा फॉल्स पोटॅटो बीटल. दोघेही साधारण एक सेंटीमीटरचे, दोघांच्या पाठीवर दहा काळे पट्टे. फरक असा की फॉल्सच्या प्रत्येक पंखावर मधल्या दोन काळ्या पट्ट्यांमधली जागा तपकिरी रंगाने भरलेली असते, खऱ्यात तो तपकिरी पट्टा नसतो, मधे सगळीकडे पिवळंच. पण उन्हात वाकून पट्टे मोजत बसण्यापेक्षा अळी बघा, तिथे चूक होत नाही. कोलोरॅडोची अळी विटकरी-लालसर, पाठ फुगलेली आणि दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांच्या दोन-दोन ओळी. फॉल्सची अळी फिकट पांढुरकी आणि प्रत्येक बाजूला एकच ओळ.

फॉल्सचं मुख्य खाणं हॉर्सनेटल, म्हणजे इथलं काटेरी तण, पिवळ्या फळांचं, बघितलं की गावाकडची भुईरिंगणी आठवते. बटाट्यावर तो नीट वाढतच नाही, वांग्यावर कधीमधी येतो. दोन-चार दिसले तर उचलून टाका आणि कुंपणाकडेचं हॉर्सनेटल उपटा, औषधाची गरज नाही.

कोलोरॅडोची गोष्ट वेगळी. हा मुळात रानटी काटेरी तणावर जगायचा, १८५९ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाजवळ बटाट्यावर तुटून पडला आणि १८७४ पर्यंत अटलांटिक किनाऱ्याला पोचला. एक अळी मोठी होईपर्यंत साधारण ४० चौरस सेंटीमीटर पान खाते, मोठा बीटल रोज १० च्या आसपास आणि एक मादी ३०० ते ८०० अंडी घालते. आठ झाडांना एवढं पुरतं. (भारतात हा नाही, त्यामुळे साताऱ्याहून आईने फोटो पाठवला तर तो बहुतेक अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा बीटल असतो, त्याचं खाणं पान खरवडून जाळी करण्याचं.)

आता उपाय. दुकानात सगळ्यात आधी रासायनिक औषध दाखवतात, पण या किड्याला औषधं पचवायची सवयच आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डीडीटीला दाद देईना आणि आजवर ५० हून जास्त कीटकनाशक द्रव्यांना त्याने प्रतिकार मिळवलाय. म्हणजे शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध तुमच्याकडे पडेलच असं नाही. नीमचा अर्क छोट्या अळ्यांवर बऱ्यापैकी चालतो, मोठ्या बीटलवर फारसा नाही. स्पिनोसॅड, म्हणजे मातीतल्या जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक, जास्त जोरदार, पण ओलं असताना मधमाश्यांना घातक, म्हणून मारायचंच तर संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर आणि तेच ते परत परत नाही.

दहा-बारा झाडांपर्यंत मी हाताने वेचण्यालाच पहिला नंबर देते, हे अगदी मनापासून सांगते. सकाळी साबणाच्या पाण्याची बादली पानाखाली धरायची आणि फांदी हलवायची, धक्का लागला की हे बीटल पाय आखडून खाली पडतात, थेट बादलीत. मग प्रत्येक पान उलटून बघायचं, केशरी-पिवळी लांबट अंडी उभी चिकटवलेली घोळक्याने असतात, ती बोटाने चिरडायची. पण घाई नको, लेडीबगची अंडीही पिवळी आणि उभीच असतात, फक्त बारीक आणि ती ठेवायची, कारण लेडीबग याच किड्याची अंडी खातात. अंडी फुटायला उन्हाळ्यात चार-पाच दिवसही पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा बघून भागत नाही, दोन-तीनदा तरी बघा.

वीस-पंचवीस झाडं असतील किंवा नोकरीमुळे सकाळी वेळच नसेल तर पातळ कापडाचं आच्छादन, रो कव्हर म्हणतात ते, लावा, रोप लावल्याच्या दिवशीच, कडा मातीने दाबून. फुलं आली की काढायचं म्हणजे मधमाश्या आत येतील. फक्त गेल्या वर्षी जिथे वांगी, बटाटे किंवा टोमॅटो होते तिथेच परत लावून कापड घालू नका, हे बीटल हिवाळा मातीतच काढतात आणि मग वसंतात कापडाच्या आत, तुमच्या रोपांसोबतच वर येतात.