फोटो-स्पर्धेचं अ‍ॅप, वर्षभर वापरून: अभिप्राय कामाचे, पण एक्झिफ का पुसता?

परवा यूपीआय ऑटोपेचा मेसेज आला, लवकरच खात्यातून १,४९९ रुपये जाणार. रिझर्व्ह बँकेने पैसे कापण्याआधी किमान २४ तास कळवायचं बंधन घातलंय म्हणून कळलं तरी, नाहीतर या मंडळींनी चकार शब्द काढला नसता. तेव्हा पुन्हा वर्षाचे पैसे भरायचे का, हे ठरवता ठरवता लिहितेय. अ‍ॅपचं नाव घेत नाही. दर सोमवारी नवा विषय, एक ते दहा गुण आणि आपला फोटो टाकायचा तर आधी इतरांच्या पाच फोटोंवर अभिप्राय सक्तीचा, एवढ्यावरून वापरणाऱ्यांनी ओळखलंच असेल.

वर्गणी भरली ती निव्वळ त्या अभिप्रायांसाठी. सलोनला (म्हणजे फोटो-प्रदर्शनाच्या स्पर्धेला) फोटो पाठवले की फी जाते, गुण येतात, स्वीकृत की अस्वीकृत ते कळतं. का, ते विचारायची सोय नसते. फेसबुकच्या ग्रुपवर टाकावा तर 'अप्रतिम', 'एक नंबर', 'जबरी क्लिक दादा'. (मी बाई आहे. प्रोफाइल कोण बघतंय!) कोणीतरी फोटो नीट बघावा, काय जमलं नाही ते सांगावं, पुढच्या वेळी काय करून बघू तेही सांगावं, एवढंच हवं होतं.

सुरुवातीचे काही महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. अभिप्रायाला किमान ८० अक्षरांची अट आहे. अट घातली की लोक विचार करून लिहितील, असं ज्याने कोणी ठरवलं त्याला माणसं ठाऊक नाहीत. 'खूप सुंदर फोटो, रंगही सुंदर, विषयही सुंदर, असेच सुंदर सुंदर फोटो काढत राहा, खूप खूप शुभेच्छा', झाली अट पूर्ण. मराठीत लिहिणाऱ्यांची तर चंगळच, कारण काना-मात्रा आणि जोडाक्षरातले तुकडे सगळे सुटे मोजले जातात. 'क्षितिज' ही आपल्या लेखी तीन अक्षरं, अ‍ॅपच्या लेखी सात.

दुसरा पंथ रूल ऑफ थर्ड्सवाल्यांचा, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडा आणि विषय मध्यात नको, त्या रेषांवर ठेवा म्हणणाऱ्यांचा. चेहरा चौकटीच्या मध्यात दिसला की यांचा हात शिवशिवतो. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये पुस्तकात लिहिला, तेव्हा कॅमेराही नव्हता आणि बोलणं चाललं होतं निसर्गचित्रांचं. फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीची ती अफगाण मुलगी, नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरची, सरळ मध्यात बसलीय आणि रोखून बघतेय. तो फोटो इथे टाकला असता तर 'विषय डावीकडे घ्या' असं कोणीतरी नक्की सुचवलं असतं आणि सहा गुण दिले असते.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. हे अ‍ॅप फोटो अपलोड होताना एक्झिफ, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो ती माहिती, पुसून टाकतं. शटर (किती वेळ उजेड घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला), फोकल लेंथ (लेन्स किती जवळ ओढली), काहीच अभिप्राय देणाऱ्याला दिसत नाही. शिवाय फोटोची लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणली जाते, म्हणजे झूम करून बघायचीही सोय नाही. अशाने लोक सांगणार काय? कपाळ?

गणपतीच्या मिरवणुकीतला लेझीमचा माझा फोटो घ्या. एकाने लिहिलं, फोकस चुकलाय. दुसऱ्याने, कॅमेरा हललाय, ट्रायपॉड वापरा. (लेझीमच्या ताफ्यात ट्रायपॉड! पाय मोडतील, त्याचे किंवा माझे.) तिसऱ्याने शटरचा वेग वाढवा म्हटलं. तिघांचे तीन इलाज आणि त्यातला एकच बरोबर. फोटो होता १/८० सेकंदाला, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाला, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू. कॅमेरा हलला असता तर मागच्या भिंतीसकट सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसलं असतं. फोकस चुकला असता तर पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख आलं असतं. इथे मुलींचे चेहरे आणि भिंत ठीक होती, फक्त हात आणि लेझीम पुसट. म्हणजे नाचणाऱ्याच्या वेगाला १/८० पुरला नाही, १/२५० तरी लागणार होता. व्हीआर आपला हात सांभाळतो, समोरच्याचा नाही. शटरचा आकडा दिसत असता तर तिघांनीही हेच सांगितलं असतं.

मग एआयचा संशय. बोरिस एल्डाग्सेन नावाच्या जर्मन फोटोग्राफरने २०२३ च्या सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं आणि त्याने बक्षीस नाकारलं. तेव्हापासून जरा धुकं बरं आलं की 'एआय का?' असं लोक विचारतात. एक्झिफ काही पुरावा नव्हे, तो खोटाही लिहिता येतो, पण विचारणाऱ्याचं तोंड निदान पाच मिनिटं बंद झालं असतं.

यावरून कस्टमर केअरला मेल टाकत राहिले. आधी 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' हे यंत्राचं उत्तर, मग शुकशुकाट. इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात काल रात्री चक्क एका माणसाचं उत्तर आलं. म्हणे एक्झिफमध्ये जीपीएस असतो. घरातल्या बाळाचा फोटो टाकला तर घराचा पत्ता जगाला कळतो, आणि घुबडाच्या ढोलीचा टाकला तर शिकाऱ्याला वाट सापडते. मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण जीपीएसची नोंद वेगळी आणि शटरची वेगळी. एक काढून दुसरी ठेवता येते, कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर हे करतं. तसं परत लिहिलंय. बघू.

दरम्यान मी आपला तोडगा काढला होता: फोटोखालच्या ओळीत स्वतःच आकडे लिहायचे. आणि इथे माझं मत थोडं हललं. आकडे दिसायला लागल्यावर काही जण फोटो बघायचेच थांबले. आत्या चुलीपुढे बसलीय, तिच्या मागे खिडकी, आयएसओ १६००. आलेले पहिले तिन्ही अभिप्राय आयएसओवर! नॉइज (फोटोवर दाणे) येईल, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, एफ १.८ ची (जास्त उजेड घेणारी) लेन्स घ्या. चेहरा काळवंडलाय हे चौथ्याने पाहिलं. त्याने लिहिलं, 'मीटर खिडकीला भुललंय. दोन पावलं उजवीकडे सरकून खिडकी चौकटीबाहेर ठेवा, किंवा स्पॉट मीटरिंग लावून चेहऱ्यावरून मोजा. चुलीचा उजेड गालावर छान पडलाय, तो जाऊ देऊ नका.' (मीटर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग; स्पॉट मीटरिंगमध्ये तो एका ठिपक्यापुरतंच मोजतो.) अभिप्राय म्हणतात तो हा. लेन्स विकत घ्यायला सांगत नाही, दोन पावलं चालायला सांगतो, आणि काय टिकवायचं तेही सांगतो. आता मी आकडे आधी लिहीत नाही. कोणी विचारलं की उत्तरात देते.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो जेजुरीच्या फोटोमुळे. सोमवती अमावस्या, पालखी, भंडाऱ्याची उधळण, आणि घरी येऊन बघावं तर सगळा भंडारा सपाट पिवळा, ऑइलपेंट मारल्यासारखा. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे उजळ) पाहिला होता, उजवीकडे मोकळी जागा होती, म्हणजे उजेड जास्त झाला नव्हता. इथल्या अभिप्रायांत 'सॅच्युरेशन कमी करा' असं बरेच म्हणाले. ते करून पाहिलं तर सपाट पिवळ्याचा सपाट बिस्किटी झाला. एकानेच लिहिलं की पांढरा हिस्टोग्राम सरासरी दाखवतो, लाल चॅनल वेगळा बघा. पिवळ्यात लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. सरासरी ठीक दिसते आणि लाल केव्हाच टोकाला जाऊन कापला जातो. कापला की भंडाऱ्याचे कण दिसतीलच कुठून? माझ्या निकॉनमध्ये प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शन्समध्ये आरजीबी हिस्टोग्रामपुढे टिक करावी लागते. कॅमेरा घेतल्यापासून ती टिक केलेली नव्हती, आणि विकणाऱ्या दुकानदाराने कशाला सांगावं! पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ वर, म्हणजे फोटो मुद्दाम जरा काळपट ठेवून, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढले. हवेतला भंडारा धुरासारखा वेगळा, कपाळावरचा ओला वेगळा, पायरीवरचा मातकट वेगळा. या एका सल्ल्यात वर्गणीतले निम्मे पैसे वसूल.

उरलेले निम्मे गेले 'तज्ज्ञ समीक्षे'च्या नावाखाली. वार्षिक वर्गणीत अशा मोजक्याच समीक्षा मिळतात. माझ्या खंड्याच्या फोटोवर आली त्यात 'लीडिंग लाइन्स नजरेला आत घेऊन जातात' असं होतं. फोटोत एक काटकी आणि एक खंड्या. मैत्रिणीच्या किल्ल्याच्या फोटोवर शब्दन् शब्द तेच वाक्य. दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवले, तेव्हा एक समीक्षा 'सदिच्छा म्हणून' परत जमा केली. फुकटात कामाचं सांगणारे लोक तिथेच, त्याच अ‍ॅपवर बसलेत, आणि पैसे साच्यातून काढलेल्या वाक्यांचे घेतात, याची चीड येते.

गुणांकडे लक्ष देणं मी सोडलंय. सगळ्यांना पाच ते सातच्या मध्येच मिळतात, आणि स्पर्धा बंद व्हायच्या आदल्या रात्री चांगल्या फोटोंवर एक-एक गुणाचा पाऊस पडतो. तो कोण पाडतं हे सांगायला ज्योतिषी नको.

अभिप्राय लिहिण्याच्या सक्तीबद्दल मात्र तक्रार नाही, आधी फार होती. दुसऱ्याच्या फोटोत माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि मग कुठे अडकली, एवढं आधी लिहिते, मग करता येण्याजोगी एकच गोष्ट. पाच गोष्टी लिहिल्या की समोरचा एकही करत नाही. मोबाइलवाल्या पोराला लेन्स सुचवत नाही, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून एक्स्पोजर खाली ओढायला सांगते. एका मुलाने तसं करून तोच फोटो परत काढून टाकला, तेव्हा बरं वाटलं.

तर हिशेब. ऑटोपे रद्द केलं. मासिक वर्गणी १९९ आहे, आणि खरी वर्दळ असते गणपती ते दिवाळी. तेव्हा लिहिणारेही जागे असतात. तीन महिन्यांचे ५९७. तेही वेबसाइटवरून भरायचे, अ‍ॅपमधून तीच वर्गणी २४९ ला पडते. तज्ज्ञ समीक्षा मासिकमध्ये नाही, ते उत्तमच. एक्झिफ सुरू केलं तर वार्षिकचा विचार करेन, पण तेव्हाही दिवाळीची सूट लागल्यावर.