मुंबईत राहून मेकॅनिकल करायचंय? फी सोडा, आधी लोनचा हप्ता काढा

सीईटीचा (इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात, मेकॅनिकल घेऊ का, अमुक कॉलेजचं प्लेसमेंट कसंय, लोन काढून जाऊ का. मी स्वतः मेकॅनिकलचा, याच लाईनमध्ये नोकरी करतो, त्यामुळे ब्रँचबद्दल माझं प्रेम आहेच आणि ते लपवत नाही. पण प्रत्येकाला आधी एकच विचारतो, डिग्री संपल्यावर महिन्याला हप्ता किती बसणार ते काढलंय का? फी सगळ्यांना तोंडपाठ असते, हप्ता कोणी काढलेलाच नसतो.

तर ते आधी काढू. व्याज १० टक्के धरलंय (फेड सुरू होईपर्यंत सरळव्याज), चार वर्षं कोर्स, पुढचं एक वर्ष बिनहप्त्याचं, सवलतीचं आणि मग १० वर्षांत फेड. दरवर्षी सारखी रक्कम उचलली असं धरून:

३ लाखांचं लोन: फेड सुरू होताना ४.०५ लाख झालेलं असतं, हप्ता साधारण ५,३५०
८ लाखांचं लोन: १०.८ लाख, हप्ता साधारण १४,२७०
१५ लाखांचं लोन: २०.२५ लाख, हप्ता साधारण २६,७६०

शिकत असताना हप्ता नसतो म्हणून लोकांना वाटतं लोन झोपलेलं आहे, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, ८ लाखांवर २.८ लाख नुसते तिथेच चढतात.

आता दुसरी बाजू, पगार. कॉलेजच्या ब्रोशरवर हायेस्ट पॅकेज छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या एखाद्या मुलाचं असतं. तुम्ही मिडियन बघा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजांना आपला डेटा स्वतःच्या वेबसाईटवर टाकावा लागतो, त्या पीडीएफमध्ये किती जण प्लेस झाले आणि मिडियन पगार किती हे दिलेलं असतं. मात्र तो आकडा सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, म्हणून त्यावरही न थांबता कॉलेजात जाऊन मेकॅनिकलच्या फायनल इयरच्या चार पोरांना विचारा की बॅचमधले किती जण कोअरमध्ये, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात लागले आणि कितीवर. पोरं खरं सांगतात.

समजा जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून वर्षाला ३.६ लाखांची ऑफर आली. वाटतं महिन्याला ३० हजार. सॅलरी स्लिप हातात घेऊन बघा, कंपनीचा पीएफ १,८०० त्यातच धरलेला, ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास त्यातच, मग तुमचा पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात साडेपंचवीस हजार, आणि त्यात व्हेरिएबल पे (कामगिरीवर मिळणारा, कमी-जास्त होणारा भाग) नसेल तरच. ८ लाखांच्या लोनचा हप्ता गेला की उरतात सव्वाअकरा हजार. १५ लाखांवाल्याचा तर पूर्ण पगार हप्त्यातच जातो आणि वर घरून हजारभर घालावे लागतात.

आणि मुंबईकरांच्या हिशोबात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे नोकरी कुठे मिळणार. कॉलेज माटुंग्याला, अंधेरीला, वाशीला, घरून डबा घेऊन लोकलने जाता येतं, पण मेकॅनिकलच्या फ्रेशरचं काम जास्त करून चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, नाशिकचं अंबड-सातपूर असल्या ठिकाणी. मुंबईत आणि आसपास आहे काम, नाही असं नाही, पवई, विक्रोळी, कांदिवली, माझगाव डॉक, ठाणे-बेलापूर पट्टा, पण सगळ्यांना पुरेल एवढं नाही. म्हणजे चार वर्षं घरी राहून जो खर्च वाचला तो नेमका हप्ता सुरू व्हायच्या वेळी समोर येतो, शेअरिंगमधली खोली, मेस, शिफ्टची बस चुकली तर रिक्षा. सव्वाअकरा हजारात हे कसंबसं बसतं, घरी एक रुपया पाठवता येत नाही.

आता कॉलेजांची तुलना. माटुंग्याचं व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं एसपीसीई (सरदार पटेल कॉलेज) इथे मेकॅनिकल मिळत असेल तर माझ्या मते फार विचार करायचाच नाही. व्हीजेटीआय १८८७ ची, एसपीसीई १९६२ ची, त्यांची मुलं प्रत्येक मोठ्या कंपनीत वरच्या पोस्टवर बसलेली आहेत आणि फी प्रायव्हेटपेक्षा कमी, त्यामुळे लोन काढावं लागलंच तरी ते वरच्या हिशोबातल्या पहिल्या ओळीच्या, ३ लाखांच्या आसपास राहतं. फक्त एसपीसीईला अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही सीट असतात आणि फीत फरक असतो, ऑप्शन फॉर्म भरताना चॉइस कोड नीट बघा.

प्रायव्हेट कॉलेज कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळत असेल तर सगळं स्कॉलरशिपवर आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनवाल्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळते. मुलींसाठी २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीमध्ये याच मर्यादेत ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे अजूनही कित्येक पालकांना माहीत नाही, कृपया सांगत जा. टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या) थोड्या सीट असतात त्यात ट्यूशन फी लागत नाही. हे सगळं कॅपच्या सीटला. तेच कॉलेज, तोच वर्ग, तेच सर, पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर यातलं काही नाही. म्हणून मेकॅनिकलसाठी मॅनेजमेंट कोट्यात पैसे घालणं मला अजिबात पटत नाही, या ब्रँचचा कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा बराच खाली येतो आणि कॅपमध्येच जागा मिळतात.

बाहेरगावच्या डीम्ड युनिव्हर्सिटीत हॉस्टेलसकट जाणं म्हणजे वरच्या हिशोबातली तिसरी ओळ, १५ लाखांची. कॅम्पस सुंदर असतो हे मान्य, पण साडेसात लाखांच्या वर लोन गेलं की बँक साधारणपणे तारण मागते आणि इथे मुंबईची खरी अडचण येते, कारण पागडीची खोली किंवा नुकतीच एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसनात) मिळालेली खोली बँक तारण म्हणून घेत नाही. मग एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या), मग व्याज आणखी वर. शिवाय वडील ५३-५४ चे असतील तर हप्ते सुरू होईपर्यंत ते रिटायरमेंटला टेकलेले असतात आणि को-ॲप्लिकंट म्हणून सही त्यांचीच असते. एजंट लोक ८०ई च्या (शैक्षणिक लोनच्या व्याजावरच्या) टॅक्स सवलतीचं गाजर दाखवतात, ती फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये आहे, आणि ३.६ लाखांवर टॅक्सच बसत नाही तर सवलत कशावर घेणार.

दहावीनंतरच मेकॅनिकल पक्कं असेल तर डिप्लोमाकडे तुच्छतेने बघू नका, मला तर पैशाच्या दृष्टीने हाच रस्ता सगळ्यात जास्त आवडतो. अकरावी-बारावी आणि चार वर्षं डिग्री म्हणजे सहा वर्षं, डिप्लोमा तीन आणि डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन तीन म्हणजेही सहाच. वांद्र्याच्या खेरवाडीतल्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकसारख्या ठिकाणी फी नगण्य, डिग्रीची फी चारऐवजी तीन वर्षं, बारावीच्या क्लासची फी वाचली ती वेगळी, आणि मध्येच घरी अडचण आली तर डिप्लोमावर नोकरी करता येते. त्रास एकच, सेकंड इयरचं मॅथ्स डिप्लोमावाल्यांना जड जातं, त्याची तयारी सुट्टीतच करायची.

डिग्रीनंतर गेट ही देशपातळीची परीक्षा द्यायचंच ठरलं असेल, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) किंवा एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा विचार असेल, तर महागडं कॉलेज आणखीनच निरर्थक आहे, तिथे स्कोअर आणि इंटरव्ह्यू बघतात.

कॉलेज ठरलं आणि लोन लागणारच असेल तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक लोन योजनेच्या यादीत ते आहे का बघा, असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर फेड सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूटही आहे, पण दुसऱ्या सरकारी स्कॉलरशिपला पात्र असाल तर ही सूट मिळत नाही, तेव्हा दोन्हीतलं कुठलं जास्त पडतं ते कागदावर मांडा. आणि जमत असेल तर व्याज शिकतानाच भरत जा. ८ लाखांच्या लोनवर पहिल्या वर्षी महिन्याला १,६७० च्या आसपास पडतं, चौथ्या वर्षी ६,६७० पर्यंत जातं, आणि नोकरी लागेपर्यंत हे चालू ठेवलं तर हप्ता १४,२७० ऐवजी साधारण १०,५७० बसतो. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही थोडी सूट देतात, ते सँक्शन लेटरवर सही करायच्या आधी मॅनेजरला विचारून त्यावर लिहून घ्या.